गाविलगडाची चढण

सत्तावीस हा आकडा खरा होता, एवढं आधीच सांगून टाकतो. पुढं जे घडलं त्यात माझ्याकडून खरं असं तेवढंच होतं.

अमरावतीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि त्यातली सत्तावीस वर्षं नववीच्या सहलीबरोबर चिखलदऱ्याला गेलो. चिखलदरा हे आमच्या वऱ्हाडाचं थंड हवेचं ठिकाण. त्याच्या शेजारीच गाविलगड. बहामनी सुलतानांनी बांधलेला, नागपूरकर भोसल्यांनी राखलेला आणि १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला. हा वेढा मी वर्गात असा शिकवायचो की मागच्या बाकावरची मुलं तास चालू असताना डबा खायची थांबत. सहलीत मात्र मुलं बाकीच्या शिक्षकांबरोबर गडावर जात आणि मी चिखलदऱ्यातच बसपाशी पुरीभाजीची पातेली राखत बसे. ‘माकडांचा उपद्रव’ हे कारण मी दरवर्षी दिलं आणि मुख्याध्यापकांनी दरवर्षी ते मान्य केलं. खरं कारण मला, माझ्या बायकोला आणि बहुतेक त्या माकडांना ठाऊक होतं. मला उंचीची भीती वाटते. मी दर्यापूरकडचा. आमच्याकडे जमीन परातीसारखी सपाट. लहानपणी मी चढलो ती सगळ्यात उंच वस्तू म्हणजे कापसाची गंजी, आणि तिथून उतरवायलाही मला दोन माणसं लागली होती.

ही गोष्ट माझ्याबरोबर सुखानं निवृत्त झाली असती. पण माझी मुलगी प्रणाली पुण्याला नोकरीला गेली, तिथं तिनं सोहम नावाचा मुलगा पसंत केला, आणि त्या मुलामागोमाग मला मोरोपंत मिळाले.

व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. इवायापुढं माणसानं वाकावं, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. पण वाकताना आपली पगडी पडू द्यायची नाही, हेही कुणाला शिकवावं लागत नाही. मोरोपंत पेशानं वकील. माणूस अत्यंत सरळ, स्वच्छ, वेळेवर जेवणारा. त्यांचा एकच छंद, किल्ले. लग्नापर्यंत त्यांचे एकशे बेचाळीस झाले होते. लग्नाच्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी. सकाळपासून त्यांच्याकडच्या पाच जणांनी मला, तुमच्याकडे उन्हाळ्यात लोक राहतात कसे, हे विचारलं होतं आणि तिघांनी संत्र्यांचा भाव. अशा वेळी मोरोपंत मठ्ठ्याची वाटी खाली ठेवत, मनात काही नसताना म्हणाले, “तुमच्या भागात किल्ले फारसे नाहीतच, नाही का?”

मी म्हणालो, गाविलगड आहे की, आणि १८०३ चा वेढाही रंगवून सांगितला. त्यांनी विचारलं, तुम्ही पाहिलाय? आणि माझ्या तोंडून आकडा निघून गेला. “सत्तावीस वेळा.”

मोरोपंतांनी माझ्याकडे प्रथमच नीट बघितलं. एकच किल्ला सत्तावीस वेळा चढणारा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता. त्यांनी चढण कशी आहे विचारलं. जो गड आपण चढलो नाही त्याची चढण साधी कशी सांगणार? मी म्हणालो, तिचं नाव काढू नका. भल्याभल्यांचे गुडघे तिथं नमस्कार करतात. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जिलबी आली, आणि जिलबीबरोबर मी दोन ठिकाणी दोरही लागतो असं सांगून बसलो.

यानंतर वर्षभर मोरोपंत पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढत होते. गुडघे तयार करत होते. हे मला प्रणालीनं फोनवर कौतुकानं सांगितलं तेव्हा मी पलंगावर बसलो होतो, तिथल्या तिथं आडवा झालो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोरोपंत आणि विहीणबाई गोदावरीबाई चार दिवसांसाठी अमरावतीला येणार, आणि मी स्वतः त्यांना गाविलगड दाखवणार, असं ठरून गेलं होतं.

आमच्या कॉलनीत कुणाच्याही घरची सुपारी फुटली तरी आवाज सगळीकडे जातो. शेजारचे शेषराव दुसऱ्याच दिवशी सल्ला घेऊन आले. शेषराव लग्न झाल्यावर चिखलदऱ्याला गेले होते आणि धुक्यामुळे दोन दिवस खोलीबाहेर पडले नव्हते. या अनुभवावर ते आजतागायत मेळघाटाचे जाणकार आहेत. त्यांच्या मते वाघाचं भय नव्हतं. वाघ बोलूनचालून राजा, तो रस्ता सोडतो. “पन अस्वल कोनाचंच ऐकत नाई बापा,” ते म्हणाले. “त्याच्यासाठी पितळी थाळी ठेवा संग. वाजवली का पयते.” थाळी त्यांनी घरूनच आणली होती. काठावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं आणि ती परत आणायची होती. गाडीही त्यांच्याच साळ्याची, म्हणजे बंडूची, ठरली. बंडू गाडी चांगली चालवतो आणि कमी बोलतो, ही शेषरावांच्या सासुरवाडीची एकमेव चांगली गोष्ट असं ते स्वतः म्हणतात.

इकडे माझी बायको आशाबाई वेगळ्याच वेढ्याच्या तयारीत होती. कॉलनीतल्या बायकांनी तिला विचारलं की इवायाले डब्यातलं थंडं जेवन देशीन का? झालं. रोडगे ठरले. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. हे सगळं जंगलात, मोकळ्या हवेत, तिथल्या तिथं. त्यासाठी तिच्या भावानं गावाहून पोतंभर गोवऱ्या पाठवल्या. त्या निवडून आल्या होत्या. गोवऱ्यांतही निवड असते हे मला साठाव्या वर्षी कळलं.

मी तिला एकदा म्हणून पाहिलं की खरं काय ते मोरोपंतांना सांगून टाकावं काय? ती वांगी पुसत होती. म्हणाली, “सांगा ना. तुमाले कोनं धरून ठेवलं?” मी सांगितलं नाही. पाहुणे आले त्या संध्याकाळी मोरोपंतांनी आमच्या दिवाणखान्यात पाठपिशवी उघडली. तीतून बूट, गुडघ्याचे पट्टे, लांब होणारी काठी, ग्लुकोजचे पुडे आणि निळा नवाकोरा दोर निघाला. “तुमच्या भरवशावर आलोय, चंद्रभानराव,” ते म्हणाले. यानंतर कुठला माणूस खरं बोलेल?

सकाळी सात वाजता निघालो. परतवाडा मागं पडलं आणि घाट सुरू झाला तसे मी डोळे मिटले. मोरोपंतांना वाटलं मी ध्यान करतोय. ते पुढच्या सीटवर बसून बंडूला वळणांची नावं विचारत होते आणि बंडू प्रत्येक वळणाला “हेच ते” असं सांगत होता.

वर जंगलखात्याचा एक नाका लागला. तिथला माणूस भला होता. त्यानं डिकी उघडायला लावली, पोतं चाचपलं आणि विचारलं, हे काय हाय? आशाबाईनं सांगितलं, गोवऱ्या. कायले? “इवाई आले ना पुन्याहून,” ती म्हणाली. त्या माणसाला हे कारण पूर्णपणे पटलं. पण त्याच्या रजिस्टरला पटेना. जंगलात विस्तव पेटवायला बंदी, म्हणून काडेपेटी, दारू, प्लास्टिक आणि हत्यारं असे चार रकाने होते. गोवऱ्यांना रकाना नव्हता. नोंद नाही तर आत नेता येत नाही, आणि नोंद नाही तर ठेवूनही घेता येत नाही.

इथं मोरोपंतांमधला वकील जागा झाला. ते खाली उतरले आणि त्यांनी अत्यंत शांतपणे मुद्दा मांडला की गोवरी ही पेटेपर्यंत शेणच असते, आणि जंगलात शेण न्यायला बंदी असेल तर गाईम्हशींनी काय करायचं? नाक्यावरच्या माणसानं हे सगळं आदरानं ऐकून घेतलं आणि वरच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, नग किती? पोतं ओतण्यात आलं. मी, मोरोपंत आणि तो माणूस उकिडवे बसून गोवऱ्या मोजू लागलो. दोनदा चुकलो. मागं सात गाड्या उभ्या राहिल्या आणि त्यातली माणसं उतरून बघायला आली. त्यांच्यातल्या एकानं मला ओळखलं आणि नमस्कार केला. शेणानं भरलेल्या हातानं मी तो स्वीकारला. शेवटी चाळीस भरल्या. ‘हत्यारे’ या रकान्यात ‘गोवऱ्या, नग ४०, सुस्थितीत’ अशी नोंद झाली, पोतं नाक्यावर राहिलं आणि त्याची पावती मोरोपंतांनी घडी घालून पाकिटात ठेवली. थाळीबद्दलही विचारणा झाली. अस्वलासाठी आहे म्हटल्यावर त्या माणसानं माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि ती जाऊ दिली.

म्हणजे आता आमच्याकडे कच्ची कणीक, कच्ची वांगी आणि तूप होतं. आशाबाई गाडीत बसली ती तुपाचा डबा मांडीवर घेऊन. गोदावरीबाईंनी तिचा हात थोपटला. दोघींची खरी ओळख, मला वाटतं, तिथंच झाली.

चिखलदरा आलं आणि गेलं. बंडूनं आणखी थोडं पुढं नेऊन गाडी थांबवली आणि म्हणाला, आला गड. मी डोळे उघडले. समोर सपाट रस्ता होता. रस्त्याच्या टोकाला, अंगणातून ओसरीवर जावं इतक्या सहजपणे, काळा दरवाजा उभा होता. दोन शाळकरी मुली आइसकांडी खात त्यातून बाहेर येत होत्या. त्यांच्या मागं एक आजोबा चपला घालून.

आता इथं मला एक कबुली द्यायला हवी. ‘उत्तरेकडे गड पठाराला जोडलेला आहे, म्हणून इंग्रजांनी तीच बाजू निवडली’ हे वाक्य मी एकतीस वर्षं शिकवलं. परीक्षेत विचारलं. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचे दोन मार्क कापले. परक्या मुलखातून आलेल्या इंग्रजांना या वाक्याचा अर्थ कळला होता. मला तो त्या दिवशी साडेदहा वाजता कळला.

मोरोपंतांनी गुडघ्यांना पट्टे आवळले. दोर खांद्यावर घेतला. काठी लांब केली. मग इकडंतिकडं बघून विचारलं, “चढण कुठं आहे?”

“आतमध्ये,” मी म्हणालो.

चढणीच्या धाकानं गोदावरीबाई दाराशीच थांबल्या, आणि त्यांच्या सोबतीला आशाबाई. मी आणि मोरोपंत आत शिरलो. शार्दूल दरवाजापाशी मात्र मी सगळं विसरलो. दोन डोक्यांचा गंडभेरुंड, पंज्यांत हत्ती धरलेला, हे चित्र मी खडूनं किती वेळा काढलं असेल त्याला गणती नाही. माझा पक्षी कोंबड्याएवढा असायचा. हा वर, दगडात, ऊन खात बसला होता आणि त्याच्या पायाखालून जाताना माझी मान आपोआप मागं गेली. मोरोपंत म्हणाले, “पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघताय.” मी म्हटलं, दर वेळी असंच वाटतं. तेही पटलं त्यांना. माणूस इतका सरळ असला की फसवणाऱ्याला फार त्रास होतो.

पुढं वाट फुटली. माझ्या फळ्यावरच्या नकाशाप्रमाणे तलाव डावीकडे. मी डावीकडे निघालो. पाऊण तास चाललो तरी तलाव आला नाही. घाणेरीची झुडपं आली, मग बोरीची, मग दोन्ही मिळून. माझ्या सदऱ्याची बाही एका बोरीनं ठेवून घेतली. मोरोपंत मधूनमधून विचारत की हीच वाट का, आणि मी सांगे की ही जुनी वाट. एवढ्यात झुडपात खसफस झाली. मी थाळी वाजवली. झुडपातून एक म्हैस निघाली, तिनं आमच्याकडे नापसंतीनं पाहिलं आणि ती निघून गेली. मोरोपंतांनी थाळीवरचं नाव वाचलं आणि पुढं निघाले.

शेवटी एक उतरण लागली आणि तिच्या पलीकडे, अहो भाग्य, उभी चढण. पंधरावीस हात उंच असेल, पण मातीची, भुसभुशीत आणि अगदी हवी तशी. मी म्हणालो, हीच ती. मोरोपंतांचा चेहरा उजळला. वर्षभराची पर्वती त्या पंधरा हातांत त्यांनी ओतली. वर जाऊन झाडाला दोर बांधला आणि खाली सोडला. मी डोळे मिटून, दोर धरून, बहुतेक पोटावर चढलो. वर पोचल्यावर डोळे उघडले तर समोर तलाव होता. तलावाच्या काठी दगडावर आशाबाई आणि गोदावरीबाई बसल्या होत्या आणि तुरीच्या उकडलेल्या शेंगा खात होत्या. त्यांच्या शेजारी खाकी कपड्यातली एक बाई. आणि त्यांच्या मागं, बैलगाडी जाईल एवढी रुंद वाट थेट दरवाजाकडे जात होती.

“काहून जी,” आशाबाईनं विचारलं, “तुमी तिकून काहून आले? रस्ता तं इकून हाय.”

मी काही बोलायच्या आत ती खाकीवाली बाई उठली आणि माझ्या पाया पडली. पस्तिशीची असेल. म्हणाली, सर, मी करिश्मा, नववी ब. ती आता वनरक्षक होती, चार वर्षांपासून इथं नेमणुकीला. दाराशी बसलेल्या दोघींना तिनंच आत आणलं होतं आणि आता आम्हाला शोधायला निघणार होती. तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता, आणि तो तिनं मोरोपंतांकडे वळून मोकळा केला.

“सर शेवटी वर आले. आमच्या टायमाले कदीच नाई आले. दरवर्षी खाली पुऱ्या राखत बसत.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पुस्तकात म्हणतात. गडावरची धरणी पत्थराची असते. ती दुभंगत नाही. मी अंगावरची माती झटकू लागलो. माती संपली तरी झटकत राहिलो.

मोरोपंतांनी फक्त दोन प्रश्न विचारले. न्यायालयात ते असेच विचारत असणार.

“सत्तावीस वेळा?”

“चिखलदऱ्याला.”

“आणि गडावर?”

“आज.”

गोदावरीबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मला आठवतं, त्या वेळी आपण शुद्ध बोलावं असं मी ठरवलं होतं. पण आतून आलं ते आमच्या दर्यापूरचं आलं. “मले भेव लागते,” मी म्हणालो. “उंचीचं. पयलेपासून. तुमच्याकडे त्या दिवशी सगळे मले उन्हाळा कसा काढता पुसत होते, अन् तुमी म्हनलं किल्ले नाईत. तुमच्यापुढं लहान नव्हतं व्हायचं मले. म्हनून बोलून गेलो.”

मोरोपंत खाली बसले. त्यांनी एक बूट काढला, मोज्यातून बोरीचा काटा उपसला, तो नीट बाजूला ठेवला. हसले असते तर मला चाललं असतं. रागावले असते तरी. त्यांचं हे काटा काढणं मला फार लांबलेलं वाटलं. मग त्यांनी विचारलं, “आणि तो वेढा? लग्नात सांगितलात तो? तोही असाच?”

उत्तर करिश्मानं दिलं. नववीत सहलीच्या दिवशी तिला ताप होता, म्हणून ती खाली माझ्याजवळ थांबली होती. तिची समजूत काढायला मी तिला गड दाखवला होता म्हणे. पुऱ्यांचा तट, बटाट्याच्या तोफा, पातेल्याचा बालेकिल्ला. मला हे अजिबात आठवत नव्हतं. तिला पुरी न् पुरी आठवत होती. मुली वरून आल्या आणि म्हणाल्या, वर काही नाही, नुसते दगड आहेत. तेव्हा तिला त्यांची कीव आली होती. आता इथं येणारे लोक तिला विचारतात आणि ती त्यांना तेच सांगते, माझ्याच शब्दांत.

“फक्त नकाशा उलटा हाय, सर,” ती हळूच म्हणाली. “डावं ते उजवं. पयल्या हप्त्यात दोनदा चुकली मी.”

नोकरीला लागलो त्या वर्षी एका जुन्या पुस्तकातून पातळ कागदावर नकाशा गिरवून घेतला होता आणि फळ्यावर काढताना कागद पालथा धरला होता, एवढंच. एकतीस वर्षांत काही हजार मुलं आरशातला गाविलगड शिकून मोठी झाली. त्यातले काही जण आज सरकारात चांगल्या जागेवर आहेत.

करिश्मानं आम्हाला उत्तरेच्या तटाकडे नेलं, जिथं इंग्रजांच्या तोफांनी खिंडार पाडलं त्या बाजूला. मी म्हटलं, तुम्ही जा, मी इथूनच सांगतो. मोरोपंत म्हणाले, बरं. पण ते गेले नाहीत. माझ्याबरोबर उभे राहिले. मग मी दोन पावलं पुढं गेलो, तेही दोन पावलं आले. शेवटचे दहा हात मी रांगत गेलो, हे लिहायला आता लाज वाटत नाही, कारण बघणारे सगळे घरचेच होते. कडेपासून थोडं अलीकडे बसलो, तळवे जमिनीला टेकवले आणि वेढा सांगायला लागलो.

आधी नजर जमिनीवरच होती. मग पलीकडचं पठार दिसलं, जिथं तोफा रचल्या असतील. इकडं ही उंची, जिथून किल्लेदारानं त्या बघितल्या असतील, आणि मला ते सगळं एकदम दिसू लागलं. तोफा घाटातून वर ओढून आणणारी माणसं. दोन दिवसांचा भडिमार. पंधरा डिसेंबरची सकाळ, पडलेलं खिंडार, आतल्या कोटाला लावलेल्या शिड्या. गडात पाणी होतं, दाणागोटा होता, आणि तरी संध्याकाळच्या आत सगळं संपलं. किल्लेदार पडलेल्यांच्या ढिगात सापडला. लग्नापासून मोरोपंत एवढा वेळ गप्प राहिलेले मी पाहिले नव्हते.

सगळं झाल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला. नववीतलं कुणी ना कुणी तो दरवर्षी विचारायचंच. “दक्षिणेकडे दरवाजा होता ना? मग किल्लेदार पळून का गेला नाही?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. स्वामिनिष्ठा, दोन मार्क. पण तिथं बसून, तळहात घामानं ओले झालेले असताना, ते उत्तर मला देववेना.

“मले वाटते, भ्यालाही असंन तो,” मी म्हणालो. “खाली पाहून पाय थरथरले असतीन त्याचे. पन गेला नाई. उभा राह्यला. तेवढंच आपल्याले माहीत हाय.”

मोरोपंतांनी मान हलवली. मग हात पुढं केला आणि मला उठवलं, म्हणजे कडेकडे नव्हे, मागच्या बाजूला.

परतताना नाक्यावर पावती दाखवून पोतं सोडवलं. गोवऱ्या एकोणचाळीस भरल्या. नाक्यावरचा माणूस कावराबावरा झाला. एक गोवरी कुणीतरी चाकाखाली टेकण म्हणून वापरली होती आणि पावतीवर तर ‘सुस्थितीत’ लिहिलेलं. मोरोपंतांनी त्याला स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की चाळिसावी गोवरी देशकार्यी लागली असून आमची काही तक्रार नाही. घाट उतरून बंडूच्या ओळखीच्या एका शेतात आम्ही विस्तव केला. रोडगे झाले. गोदावरीबाईंनी साडेतीन खाल्ले आणि राख झटकायची रीत आशाबाईकडून शिकून घेतली. वांग्याच्या भाजीनं मोरोपंतांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी ताट सोडलं नाही. माझ्या फजितीबद्दल कुणीच बोललं नाही, आणि मला ते बोलण्यापेक्षा जड जात होतं.

परतवाड्याच्या अलीकडे मोबाइलला रेंज आली आणि मोरोपंतांनी सोहमला फोन लावला. पुढच्या सीटवरून त्यांनी सगळा वेढा सांगायला सुरुवात केली. तोफा, खिंडार, शिड्या. शब्द माझेच होते. पुण्याच्या तोंडून ते जरा इस्त्री केल्यासारखे येत होते. मी मागं बसून ऐकत होतो. आणि मग ते म्हणाले, “हे सगळं तुझ्या सासऱ्यांनी तिथं, तटाच्या अगदी टोकाला उभं राहून सांगितलं. मी म्हणत होतो मागं व्हा, मागं व्हा. ऐकतात कुठं?”

गोदावरीबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. आशाबाईनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

मोरोपंतांचं चालूच होतं. बोलण्याच्या भरात त्यांनी वेढ्याचं साल अठराशे तेरा सांगितलं. एकतीस वर्षांत मी कुणाचं चुकलेलं साल पुढं जाऊ दिलं नव्हतं, मुख्याध्यापकांचंसुद्धा नाही. माझी जीभ टाळूपर्यंत गेली. मग मी काच थोडी खाली केली आणि बाहेरच्या संत्र्याच्या बागा बघत बसलो.